कुंडीतली चोपण: तळघरातल्या गांजाच्या झाडाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण कॅनडातलं आहे, ऑन्टारिओतल्या किचनर शहरातलं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण झाड गांजाचं आहे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला. ऑन्टारिओत १९ वर्षं पूर्ण झालेल्याला घरी झाडं लावता येतात, मर्यादा घरामागे चार झाडांची. घरात माणसं किती हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे हेच केलं तर एनडीपीएस कायदा, १९८५ आडवा येतो आणि दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. तेव्हा हे वाचून कोणी बाल्कनीत प्रयोग करू नये. वाचावं ते पाण्यासाठी, कारण यातला धडा तुळशीलाही लागू पडतो.

घर नवरा-बायकोचं, स्वतःच्या मालकीचं. दोघं पुण्याचे, चाळिशीतले, घरात लहान मूल नाही. मी त्यांना दादा-वहिनी म्हणतो, इथंही तेच म्हणणार. मी शिरोळ तालुक्यातला, शेतकी पदवीधर. इथं एका ग्रीनहाउसमध्ये काकडी-टोमॅटोवर काम करतो. त्यामुळे ओळखीपाळखीत कोणाचं झाड आजारी पडलं की फोटो माझ्या फोनवर येतो.

दादांनी नोव्हेंबरात परवाना असलेल्या दुकानातून बिया आणल्या. दोन लावल्या, एक जगली. तळघरात दोन फूट लांब-रुंद तंबू, वर एलईडी दिवा, १८ तास उजेड आणि ६ तास अंधार. कुंडी ११ लिटरची, प्लॅस्टिकची, खाली ताटली. माध्यम म्हणजे पीट (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा भुसा) आणि परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) यांचं तयार मिश्रण. त्यात माती नसतेच. पाणी दर तीन दिवसांनी दोनेक लिटर. सामानात कुठं काटकसर नव्हती. बिल बघून वहिनी एकदा म्हणाल्या, "एवढ्यात दादरच्या फुलबाजाराची एक फेरी झाली असती, विमानानं."

तक्रार

साधारण पाच आठवडे झाड बरं चाललं. मग खालच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपायला लागल्या. पुढच्या आठवड्यात शेंड्याची नवी पानं वाकडी, मुरडलेली यायला लागली. आणि सगळ्यात चमत्कारिक गोष्ट म्हणजे कुंडी ओली असतानाही झाड दुपारनंतर मान टाकायचं. वाढ थांबली. दादांच्या वहीत २० डिसेंबरला उंची ३१ सेंटीमीटर आहे, २ जानेवारीला ३२.

माझ्याकडे पहिला फोटो येईपर्यंत दादांनी स्वतः चार उपाय करून झाले होते. पानं फिकट वाटली म्हणून नत्राचा डोस वाढवला. मग कुठंतरी वाचून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटली आणली आणि पूर्ण मात्रेत दिली. मग वाटलं की पाणी जास्त होतंय, म्हणून आठ दिवस पाणी तोडलं. शेवटी दिवा फूटभर वर घेतला. प्रत्येक उपायानंतर दोन दिवस झाड सुधारल्यासारखं वाटायचं आणि पुन्हा घसरायचं. पाणी तोडलेल्या आठ दिवसांत तर कडांचं करपणं पानाच्या मध्यापर्यंत आलं.

पहिला निर्णय, आणि तो माझा चुकला

मी फोटो पाहिला आणि पाच मिनिटांत निदान केलं: पालाशची, म्हणजे पोटॅशियमची कमतरता. जुन्या पानांच्या कडा करपणं हे त्याचं पुस्तकी लक्षण. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात फिरतात. टंचाई आली की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी बोलतात. कॅल्शियम, लोह, बोरॉन एकदा बसले की हलत नाहीत, त्यांची तक्रार शेंड्यावर दिसते.

आता इथंच थांबायला हवं होतं. या झाडाची तक्रार दोन्हीकडे होती, खालीही आणि शेंड्यावरही. एका अन्नद्रव्याच्या कमतरतेत असं सहसा होत नाही. दोन्हीकडे एकदम बोंब असेल तर बघायचं असतं मुळीकडे. पण फोटो तंबूतल्या दिव्याखाली काढलेला, शेंडा अर्धा कापला गेलेला, आणि मी शिफ्ट संपवून बसस्टॉपवर उभा. पालाशयुक्त खताचा अर्धा डोस द्यायला सांगून मोकळा झालो. कुंडीत आणखी क्षार गेले ते असे, माझ्या हातून. आठवडा वाया गेला आणि खालची चार पानं गळाली.

पाणी कुठलं?

रविवारी घरी फोन केला. आप्पांना झाडाचं नाव सांगितलं नाही, "मित्राकडं कुंडीतलं शोभेचं झाड हाय" एवढंच म्हटलं. कडा करपल्यात, शेंडा मुरडलाय, ओल असून झाड सुकतंय, असं वर्णन केलं. आप्पांनी खताचं काही विचारलं नाही. म्हणाले, "पाणी कुठलं देतोय त्यो? आन् निचऱ्याचं काय?"

आमच्याकडं हा प्रश्न पहिला येतो, कारण आम्ही त्यात भाजून निघालोय. कृष्णा-पंचगंगेच्या काठी उसाला पाटानं पाणी देऊन देऊन शिरोळ, मिरज, वाळव्याची किती तरी जमीन क्षारपड झाली. त्यातली काही पुढं चोपण झाली. क्षारपड म्हणजे क्षार वर येऊन पांढरं मीठ फुटलेली. चोपण त्याच्या पुढची पायरी: मातीच्या कणांवर कॅल्शियमची जागा सोडियम घेतो, कण विस्कटतात, भेगा-पोकळ्या बुजतात, पाणी वर साचून राहतं. ओल असते, पण वाफसा येत नाही. मुळीला हवा नाही. आणि मुळीबाहेरचं पाणी इतकं खारट की ते आत ओढायला झाडाला दम लागतो. समोर पाणी आणि झाड तहानलेलं.

फोन ठेवला आणि मला दादांची कुंडी दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन त्यांच्याकडे गेलो.

प्रत्यक्ष पाहणी

कुंडीच्या आतल्या काठाला, मिश्रणाच्या वर बोटभर, पांढरी किनार होती. नखानं खरवडली तर भुकटी झाली. ताटलीत जुनं पाणी होतं. दादा ते कधी ओतून देत नव्हते. "झाड पिऊन टाकतं" म्हणाले. म्हणजे कुंडीत जे गेलं ते बाहेर पडलंच नव्हतं. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी, त्यामुळे झाड आणि कुंडी दोन्हीतून पाणी उडत राहिलं, क्षार मागे राहिले.

कुंडी कलती करून थोडं मिश्रण काढलं. जिवंत पांढरी मुळी फक्त वरच्या दोन इंचांत होती, खाली सगळ्या तांबूस आणि टोकाला काळ्या. कुंडीत थोडं पाणी ओतून खालून आलेलं मोजलं. ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं माप, ४.१ आलं. अशा मिश्रणात मला ते २ च्या आसपास चाललं असतं. पीएच, म्हणजे आम्ल-अल्काचं माप, ७.४, हवा होता ६ च्या जवळ.

क्षार आहेत हे ठरलं. आले कुठून? खतातून काही आले, पण दादांच्या वहीतले डोस मिळवून पाहिले तर हिशेब जुळेना. मग नळाचं पाणी मोजलं. तळघरात कपडे धुण्याच्या टबाचा नळ, ज्याचं पाणी झाडाला जायचं, तो ०.९. वर जाऊन स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ, तोही ०.९. दोन्ही सारखे. मी पुन्हा चुकलो असतो, मीटर खिशात घालून म्हणालोही, "पाण्यात काही नाही, खतच जास्त झालंय."

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "खालच्या नळाला हात धुतले ना, तर साबण जातच नाही हो. कितीही धुवा, बुळबुळीतच."

मग खिडकीतला कढीपत्ता दिसला. त्याच हिवाळ्यात, त्याच घरात, हिरवागार. वहिनी त्याला तांदूळ धुतलेलं पाणी घालायच्या, ते स्वयंपाकघरातल्या नळाचं. शेजारी तुळस होती, तिची पानं कडेनं करपलेली. सकाळी पूजेआधी वहिनी वरच्या न्हाणीघरातून तांब्या भरून आणत.

किचनर-वॉटर्लूचं बरंचसं पाणी जमिनीखालचं आहे, चुनखडीतून झिरपलेलं, भलतंच जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असलेलं. गिझर, नळ, डिशवॉशर चुन्यानं भरू नयेत म्हणून घरोघर वॉटर सॉफ्टनर असतो. त्यातल्या रेझिनवर, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या बारीक मण्यांवर, मिठातला सोडियम बसवलेला असतो. पाणी त्यातून जाताना कॅल्शियम-मॅग्नेशियम तिथं अडकतात आणि बदल्यात सोडियम पाण्यात येतो. वहिनींच्या हाताला लागणारा बुळबुळीतपणा अशा पाण्याचाच. एकास एक सौदा, म्हणून ईसी जवळपास बदलत नाही. मीटर विजेचं वहन मोजतो, ती वाहून नेणारे कोण आहेत हे त्याला कळत नाही. पुष्कळ घरांत स्वयंपाकघराचा गार नळ आणि बाहेर अंगणातला नळ सॉफ्टनर टाळून सरळ आणलेले असतात. या घरात तसंच होतं.

पाण्याचा जडपणा मोजायच्या पट्ट्या हार्डवेअरच्या दुकानातून आणल्या. स्वयंपाकघराचा नळ: लिटरला ४२५ मिलिग्रॅमच्या खुणेपर्यंत रंग. तळघराचा नळ: शून्य. मग कागदावर हिशेब मांडला. १०० मिलिग्रॅम जडपणा घालवायला साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम येतो. म्हणजे या पाण्यात लिटरला १९५ मिलिग्रॅमच्या आसपास, जिथं कुंडीतल्या झाडाला ५० च्या खाली असलेला बरा. आठ आठवड्यांत ३५ लिटर पाणी धरलं तर सोडियम झाला सुमारे ७ ग्रॅम. खाण्याच्या मिठाच्या मापात सांगायचं तर तीन चमचे, ११ लिटरच्या कुंडीत, आणि बाहेर जायला वाट नाही.

सॉफ्टनर तंबूपासून सहा फुटांवर होता. दादा दर महिन्याला त्यात मिठाची पिशवी ओतायचे.

आता लक्षणं जुळली. खालच्या कडा करपल्या त्या क्षारांनी, शिवाय सोडियम मुळीपाशी पालाशची वाट अडवतो. शेंडा मुरडला तो कॅल्शियमवाचून, कारण पाण्यातून तो सॉफ्टनरनंच काढून घेतला होता. कॅल्शियमची बाटली दिली होती, पण तोवर मुळीच चालत नव्हती.

पर्याय

झाड टाकून नवं बी लावणं हा पहिला पर्याय. वहिनींचं मत तेच होतं. दादांचा जीव अडकलेला.

दुसरा, कुंडी बदलणं: खारट मिश्रण झाडून नव्यात लावायचं. स्वच्छ उपाय, पण जिवंत मुळी वरच्या दोन इंचांतच होती, तीच हलवायची मला भीती वाटली.

तिसरा, भरपूर पाणी सोडून क्षार धुऊन काढणं. पण कुठल्या पाण्यानं? दादा म्हणाले, बर्फ वितळवू, बाहेर फुकट पडलाय. बादलीभर भुसभुशीत बर्फाचं तांब्याभर पाणी होतं आणि रस्त्याकडेच्या बर्फात पुन्हा मीठच, कारण इथं हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. विकतचं शुद्ध पाणी चाललं असतं, पण नुसतं शुद्ध पाणी रेझिनसारख्याच पीटच्या कणांना चिकटलेला सोडियम नीट सोडवत नाही. त्याला ढकलून काढायला कॅल्शियम लागतो. गावाकडं चोपण जमिनीला जिप्सम घालतात ते यासाठीच. दुकानात जिप्समही होतं. मी तसं आप्पांना विचारलं तर म्हणाले, "निचरा न्हाई तर जिप्सम टाकून काय करतोस? आधी चर काढ."

स्वयंपाकघराच्या नळात कॅल्शियम फुकट होता, लिटरला शे-दीडशे मिलिग्रॅमच्या घरात. ज्या जडपणाला कंटाळून सॉफ्टनर बसवला, तोच औषध होता. त्याचा एकच दोष, त्यातला चुना पीएच वर नेतो. ते पुढं आम्लानं सावरता येईल असं ठरवलं. सॉफ्टनरमध्ये साध्या मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड घालायचं दादांनी सुचवलं होतं. त्यानं सोडियम टळतो, पण कॅल्शियम तरीही मिळत नाही, म्हणून सोडून दिलं.

काय केलं

आदल्या रात्री स्वयंपाकघराच्या नळानं चार बादल्या भरून ठेवल्या. जानेवारीतलं नळाचं पाणी मुळीवर ओतण्याइतकं कोमट नसतं. सकाळी कुंडी टबात, दोन लाकडी फळ्यांवर उचलून ठेवली. तळाची भोकं मिश्रणानं बुजली होती, ती सळीनं मोकळी केली. हा आमचा चर.

पहिली बादली ओतली तर पाणी भसकन खाली आलं. दादा खूश. पण पाणी तोडलेल्या त्या आठ दिवसांत मिश्रण सुकून आकसलं होतं आणि पाणी कुंडीच्या भिंतीलगतच्या फटीतून उतरत होतं, मधला गड्डा कोरडा. ईसी ४.१ वरून २.२ आला तो खोटा. मग वहिनींची विणायची सुई घेऊन दहा-बारा ठिकाणी भोकं पाडली आणि तांब्या-तांब्यानं, मध्ये थांबत पाणी घातलं. आता खालून चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि ईसी ५.३. दादा घाबरले. मला मात्र पहिल्यांदा हायसं वाटलं, क्षार आता कुठं निघायला लागले होते. तिसऱ्या बादलीअखेर २.६, चौथ्या बादलीनंतर १.५. एकूण ३५ लिटर, कुंडीच्या तिप्पट. शेवटी अर्ध्या मात्रेचं खत, पीएच ६.२ करून.

दुपारपर्यंत दिवा मंद केला. ताटली काढून टाकली, कुंडी जाळीवर. आणि कुंडीचं वजन हातानं उचलून बघायची सवय लावली: हलकी लागेपर्यंत पाणी नाही.

नंतर

पहिले तीन दिवस झाड आणखीच मलूल दिसलं. चिंब ओल होती, वाफसा नव्हता. दादांचा रोज फोन, "काहीतरी देऊ का?" काही द्यायचं नाही, हे सांगणं हाच त्या आठवड्यातला माझा सगळा उपचार. पाचव्या दिवशी कुंडी हलकी झाली. दहाव्या दिवशी शेंड्यातून सरळ, सपाट पान निघालं. करपलेली पानं तशीच राहिली, ती कधीच बरी होत नाहीत. नव्या पानांकडेच बघायचं. कुंडीच्या भोकातून पांढरी मुळी डोकावली ती सतराव्या दिवशी.

पुढे पाणी म्हणून स्वयंपाकघराचं आणि विकतचं शुद्ध पाणी अर्धं-अर्धं ठरलं. दादांनी मध्ये पंधरा दिवस शुद्ध पाणी आणायचा कंटाळा केला, तेव्हा नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं लोहाच्या कमतरतेचं लक्षण दिसलं, कारण पीएच चढला होता आणि तो चढला की झाडाला लोह उचलता येत नाही. मिश्र पाण्यावर आल्यावर ते थांबलं.

फेब्रुवारीअखेर फुलोरा यावा म्हणून दिवा १२ तास केला, ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा. एप्रिलअखेर कापणी झाली. वाळवून वजन ३१ ग्रॅम. त्या दिव्याखाली त्या कुंडीत मी याच्या दुपटीची अपेक्षा धरली असती. तुळस मात्र गेली. तिला पाण्यानं मारलं की खिडकीच्या गारठ्यानं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. करपलेल्या कडा पाण्याकडे बोट दाखवत होत्या एवढंच.

वेगळं काय करता आलं असतं

कुंडी बदलण्याला मी नको म्हटलं, त्याबद्दल आता माझी खात्री राहिलेली नाही. चार बादल्या, चिंब गड्डा, तीन दिवसांची मरगळ यापेक्षा वरचा दोन इंचांचा जिवंत थर तसाच उचलून नव्या मिश्रणावर बसवला असता तर आठ-दहा दिवस तरी वाचले असते. गांजाचं झाड त्या वयात मुळीची थोडी ओढाताण सोसतं. मी शेतासारखा विचार करत होतो. शेताची माती बदलता येत नाही, म्हणून आपण ती धुतो; कुंडीची येते.

फोटोवरून निदान करायचंच तर फोटो तंबूबाहेर, दिवसाच्या उजेडात, शेंडा, खालचं पान आणि कुंडीचा काठ असे तीन मागवायला हवे होते. काठावरची पांढरी किनार त्या पहिल्याच दिवशी दिसली असती.

आणि ईसी मीटरवर विसंबून मी पाण्याला निर्दोष ठरवलंच होतं. वहिनींचा साबण नसता तर खत कमी करा सांगून घरी गेलो असतो. आता कोणाचाही फोटो आला की मी दोन गोष्टी आधी विचारतो: पाणी कुठल्या नळाचं, आणि घरात अजून कुठलं झाड आहे, ते कसं आहे.

तळघराच्या नळाला दादांनी निळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. त्यावर वहिनींच्या अक्षरात लिहिलंय: "कपड्यांना. झाडांना नाही."